‘बॉर्न’ कुठे, कसा आणि कधी ‘ई’ लावून : जन्माच्या इंग्रजीची सोलापुरी उजळणी

पुण्यातल्या कंपनीची मुलाखत असो नाहीतर बँकेची, ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की आपल्याकडच्या पोरापोरींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘सर, आय बॉर्न इन सोलापूर.’ दुसरं वाक्य येईपर्यंत समोरच्या माणसाने कागदावर काहीतरी खरडलेलं असतं. शब्द चार अक्षरांचा, शाळेपासून भेटणारा, तरी पदवी हातात पडल्यावरही चुकतो. पाठांतराने तो सुधारत नाही, कारण चूक शब्दात नाही, वाक्याच्या मांडणीत आहे. म्हणून आधी मांडणी समजून घेऊ, मग फॉर्म, जाहिराती आणि दवाखान्याच्या कार्डाकडे वळू. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो; जिथे स्पेलिंगमुळे अर्थ बदलतो तिथे अक्षरं फोडून सांगेन.

पहिली पायरी : काम कुणी केलं ते ओळखा

मराठीत आपण म्हणतो ‘मी जन्मलो’. काम करणारा मीच. अशोक चौकातल्या तेलुगू घरात ‘पुट्टानु’ म्हणतात, अक्कलकोटकडच्या कानडी घरात ‘हुट्टिदे’ म्हणतात, दखनी बोलणाऱ्या घरात ‘पैदा हुआ’ म्हणतात. चारही भाषांत बाळच कर्ता. सोलापूरच्या एका वर्गात चार मातृभाषांची मुलं बसतात आणि चौघंही हीच एक चूक करतात, त्याचं कारण हे आहे.

इंग्रजीत जन्म हे बाळाचं काम नाही, आईचं आहे. मूळ क्रियापद ‘बेअर’, स्पेलिंग बी-ई-ए-आर. अर्थ वाहणे, पेलणे, सोसणे. आपल्या संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचं आणि याचं मूळ एकच मानतात. ‘भार’ हा शब्द त्याच घरातला. पोटात नऊ महिने वाहते ती आई. ‘बॉर्न’ हे ‘बेअर’चं तिसरं रूप, म्हणजे बाळ ‘वाहून आणलं गेलेलं’. काम बाळावर झालं, बाळाने केलं नाही. त्यामुळे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही.

पटत नसेल तर ‘सेंट’ घेऊन बघा. ‘आय सेंट’ म्हणजे मी पाठवलं. ‘आय वॉज सेंट’ म्हणजे मला पाठवलं. ‘बॉर्न’ कायम या दुसऱ्या खात्यात.

आता प्रश्न. ‘व्हेन डिड यू बॉर्न?’ हे वाक्य इंग्रजीत नाही. ‘व्हेन वेअर यू बॉर्न?’ आणि ‘व्हेअर वॉज शी बॉर्न?’ असंच विचारायचं. नकारही तसाच : ‘आय वॉज नॉट बॉर्न हिअर.’ म्हणजे ‘डिड’ आणि ‘बॉर्न’ एका वाक्यात शेजारी आले की थांबायचं.

‘वॉज’ची सवय लागली की दुसरी चूक डोकं वर काढते. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचा आणि माझा हा संवाद बघा.

‘सर, आय ॲम बॉर्न इन 2003.’
‘अगं, ॲम कुठून आणलंस?’
‘सर, मी अजून आहे ना.’
‘तू आहेस गं, पण जन्म होऊन गेला की.’

तिचं उत्तर चुकलं तरी विचार बिनडोक नव्हता. ‘आय ॲम मॅरिड’ चालतं, कारण लग्न झालेली अवस्था अजून चालू आहे. जन्म मात्र एकदा घडून संपलेली घटना आहे, म्हणून ‘वॉज’. ‘आर बॉर्न’ वापरायचं ते नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी : ‘मेनी बेबीज आर बॉर्न इन गव्हर्नमेंट हॉस्पिटल्स.’ एका माणसाची ठरावीक तारीख आली की परत ‘वॉज’.

दुसरी पायरी : मागचा छोटा शब्द

‘बॉर्न’च्या पाठीमागे येणारे छोटे शब्द एकाच माणसावरून शिकता येतात, आणि तो माणूस आपल्याच गावचा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक माहीत नसेल असा सोलापूरकर विरळा.

‘डॉक्टर कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर.’ गावाआधी ‘इन’. ‘ही वॉज बॉर्न इन 1910.’ वर्षाआधी ‘इन’. ‘इन ऑक्टोबर 1910.’ महिन्याआधीही ‘इन’च. पण पूर्ण तारीख आली की ‘ऑन’ : ‘ही वॉज बॉर्न ऑन 10 ऑक्टोबर 1910.’ वार सांगायचा असेल तरी ‘ऑन’. घड्याळातली वेळ आली की ‘ॲट’. मोठ्यातून छोट्याकडे यायचं : वर्ष-महिना ‘इन’, दिवस ‘ऑन’, घटका ‘ॲट’.

जुन्या इंग्रजी चरित्रांत आणि प्रतिज्ञापत्रांत ‘बॉर्न ॲट सोलापूर’ दिसतं. ते चूक नाही, जुन्या धाटणीचं आहे. तुम्ही मात्र ‘इन’ वापरा. ‘ॲट’ दवाखान्याच्या नावाआधी शोभतो : ‘बॉर्न ॲट द सिव्हिल हॉस्पिटल’.

आईवडील सांगायचे तर ‘टू’. कोटणीसांनी चीनमध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ‘अ सन वॉज बॉर्न टू देम इन ऑगस्ट 1942.’ मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला कोटणीस गेले. इथे ‘फ्रॉम’ लावायचा मोह होतो, कारण मराठीत ‘तिच्यापासून मुलगा झाला’ म्हणतात. इंग्रजीत तो चालत नाही.

घराण्याची परिस्थिती सांगताना ‘इंटू’ : ‘बॉर्न इंटू अ वीव्हर फॅमिली’, विणकराच्या घरात जन्मलेला. शरीरातली एखादी गोष्ट जन्मापासून असेल तर ‘विथ’ : ‘बॉर्न विथ अ हार्ट डिफेक्ट’. कारणाबद्दल बोलायचं तर ‘ऑफ’ किंवा ‘आउट ऑफ’ : ‘फिअर बॉर्न ऑफ इग्नरन्स’, अज्ञानातून आलेली भीती. निबंधात हा शेवटचा प्रकार जरूर वापरा, परीक्षकाचं लक्ष जातं.

तिसरी पायरी : शेवटचा ‘ई’

इथे भले भले घसरतात, वर्तमानपत्रंसुद्धा. ‘बॉर्न’ची स्पेलिंगं दोन. एक बी-ओ-आर-एन, दुसरं त्यालाच शेवटी ई. उच्चार तोच, त्यामुळे कानाची काही मदत नाही. पूर्वी इंग्रज लोकही दोन्ही मनाला येईल तशी लिहीत. आजची वाटणी अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली.

वाटणी अशी : बिन-ईचा फक्त जन्माला, आणि तोही बाळाच्या बाजूने बोलताना. बाकी सगळीकडे, म्हणजे वाहणे, सोसणे, पेलणे आलं की ई लावायचा. आईला कर्ता केलं तर जन्मातही ई येतो : ‘शी हॅज बोर्न थ्री चिल्ड्रन.’ तिने तीन मुलांना जन्म दिला, काम तिचं, म्हणून ई. वाचताना फरक दिसावा म्हणून या लेखात ईवाल्याला मी ‘बोर्न’ लिहितोय. बोलताना दोन्ही सारखेच बोला. साधा भूतकाळ ‘बोअर’ : ‘शी बोअर अ सन.’ त्याचा शेतातल्या बोअरशी काडीचाही संबंध नाही, ते छिद्र पाडण्याचं क्रियापद वेगळं.

आता खरी अडचण. पावसाळ्यात ‘जलजन्य आजार’, ‘कीटकजन्य आजार’ असे फलक लागतात. ‘जन्य’ म्हणजे जन्मलेलं, त्यापासून निपजलेलं. हे इंग्रजीत लिहायला घेतलं की हात आपोआप बिन-ईच्या ‘बॉर्न’कडे जातो. पण इंग्रजीची कल्पना वेगळी आहे. ‘वॉटरबोर्न’ म्हणजे पाण्याने वाहून आणलेला आजार, पाण्यात जन्मलेला नव्हे. ‘व्हेक्टर-बोर्न’ म्हणजे डासासारख्या वाहकाने आणलेला. केंद्राची डेंग्यू-मलेरियावाली संस्था ‘नॅशनल सेंटर फॉर व्हेक्टर बोर्न डिसीजेस कंट्रोल’, तिथेही ई आहे. ‘फूडबोर्न’, ‘ब्लडबोर्न’, ‘एअरबोर्न’ सगळे ईवाले. होटगी रोडवरून विमान उडालं की ते ‘एअरबोर्न’, हवेने पेललेलं. आषाढीत पंढरपूरच्या पाण्याविषयी इंग्रजीत बातमी लिहिणाऱ्या पत्रकार मित्रांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

टेंडरच्या नोटिसा वाचत असाल तर एक वाक्य दर वेळी भेटेल : ‘ऑल कॉस्ट्स शॅल बी बोर्न बाय द कॉन्ट्रॅक्टर.’ खर्च ठेकेदाराने सोसायचा. इथे ई विसरलात तर खर्च ठेकेदाराच्या पोटी जन्माला येतो. आणखी एक उपयोगी : ‘द क्लेम इज नॉट बोर्न आउट बाय द फॅक्ट्स’, दाव्याला वस्तुस्थितीचा आधार मिळत नाही. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यांत हा येतो आणि वाचणारा ‘आउट’ बघून गोंधळतो.

घाईत ठरवायची युक्ती सांगतो. त्या जागी ‘कॅरीड’ घालून बघा. ‘कॅरीड बाय वॉटर’ बसतं, म्हणून ई. ‘आय वॉज कॅरीड इन सोलापूर’ बसत नाही, म्हणून बिन-ईचा.

चौथी पायरी : जोडशब्द

‘न्यूबॉर्न’ म्हणजे नवजात. वैद्यकात हा शब्द जन्मापासून पहिल्या 28 दिवसांपुरता. ‘फर्स्टबॉर्न’ थोरलं मूल, ‘अनबॉर्न’ पोटातलं, ‘इनबॉर्न’ उपजत. ‘स्टिलबॉर्न’ म्हणजे मृत जन्मलेलं, हा शब्द बोलताना जपून वापरा. ‘अ बॉर्न टीचर’ म्हणजे जन्मजात शिक्षक, इथे ‘बॉर्न’ विशेषण झाला आणि ‘वॉज’ची गरज उरली नाही.

गावाचं नाव जोडून शब्द करता येतो, मधे छोटी आडवी रेघ द्यायची : ‘सोलापूर-बॉर्न डॉक्टर’. पण ‘बॉर्न’ आणि ‘बेस्ड’ यांची सरमिसळ नको. मकबूल फिदा हुसेन 1915 साली पंढरपुरात जन्मले आणि 2011 साली लंडनमध्ये वारले. शेवटच्या काळात त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यांना ‘पंढरपूर-बॉर्न पेंटर’ म्हणता येतं, ‘पंढरपूर-बेस्ड’ म्हणता येत नाही. तुम्ही जन्माने मोहोळचे आणि नोकरीने हिंजवडीचे असाल, तर ‘मोहोळ-बॉर्न, पुणे-बेस्ड’.

बायकांच्या नावात कधीकधी ‘ने’ असा छोटा फ्रेंच शब्द दिसतो, एन-ई-ई. अर्थ ‘जन्माने’. त्याच्यापुढे येतं ते माहेरचं आडनाव. मराठी पत्रिकेत ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहितात तेच काम.

पाचवी पायरी : ‘बर्थ’ आणि फॉर्म

‘बर्थ’ म्हटलं की आपल्याला आधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसची लोअर बर्थ आठवते. ती बी-ई-आर-टी-एच. जन्माची बी-आय-आर-टी-एच. ‘डेट ऑफ बर्थ’मध्ये ई पडला की तुमचा जन्म डब्यात झाला असं होतं, आणि स्पेलचेक काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

‘बर्थडे’ आणि ‘डेट ऑफ बर्थ’ एक नाहीत. पहिला दरवर्षी येतो, दुसरी आयुष्यात एकच. ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ याला दिवस आणि महिना सांगा, वर्ष सांगायची गरज नाही. ‘व्हॉट इज युवर डेट ऑफ बर्थ?’ याला तिन्ही.

तारीख आकड्यांत लिहिताना जपा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन लोक महिना आधी. 05/08/2003 हे आपल्याला 5 ऑगस्ट, त्यांना 8 मे. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात महिना अक्षरांत लिहिलात तर वादच नाही.

‘प्लेस ऑफ बर्थ’ या रकान्याने किती जणांना रडवलंय! आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सून सोलापूरची, माहेर कलबुर्गीचं, बाळ तिकडे झालं. मग घरातले मोठे म्हणतात, ‘आपण सोलापूरचे, सोलापूरच लिही.’ नाही लिहायचं. ‘प्लेस ऑफ बर्थ’ म्हणजे बाळ प्रत्यक्ष जिथे झालं ते ठिकाण. नोंदही तिथल्याच कार्यालयात होते. 1969 च्या कायद्याप्रमाणे ती 21 दिवसांत कळवायची असते. दाखला तिथून निघणार, आणि पासपोर्टच्या अर्जात दाखल्यावरचंच गाव टाकायचं. ‘नेटिव्ह प्लेस’ वेगळं, ते मूळ गाव. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले असतील तर तुमचं ‘नेटिव्ह प्लेस’ तिकडचं आणि ‘प्लेस ऑफ बर्थ’ सोलापूर असू शकतं. दोन्ही रकान्यांत एकच गाव असायला हवं असा नियम नाही.

आता जाहिरातींचं इंग्रजी. यूपीएससीच्या 2025 च्या नागरी सेवा परीक्षेच्या अधिसूचनेत वयाची अट अशी होती : उमेदवार ‘मस्ट हॅव बीन बॉर्न नॉट अर्लिअर दॅन 2 ऑगस्ट 1993 अँड नॉट लेटर दॅन 1 ऑगस्ट 2004’. हे तुकड्यांत वाचा. ‘मस्ट हॅव बीन बॉर्न’ म्हणजे जन्मलेला असला पाहिजे. ‘नॉट अर्लिअर दॅन’ म्हणजे त्याच्या आधी नको, पण ती तारीख चालते. ‘नॉट लेटर दॅन’ म्हणजे नंतर नको, पण तीही तारीख चालते. 2 ऑगस्ट 1993 चा मुलगा बसतो, 1 ऑगस्ट 1993 चा बसत नाही, कारण त्याला 1 ऑगस्ट 2025 ला 32 पूर्ण झाली. राखीव प्रवर्गांची सवलत याच्यावर वेगळी मोजायची.

तसंच ‘बॉर्न ऑन ऑर आफ्टर’. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. ‘ऑन ऑर आफ्टर’मध्ये तो दिवस धरलेला असतो, नुसत्या ‘आफ्टर’मध्ये नसतो. ‘बिफोर’मध्येही त्या दिवसाला जागा नाही. बारीक वाटतं, पण अर्ज बाद होतात ते अशाच एका दिवसावरून.

सहावी पायरी : दवाखान्याचं कार्ड

डिस्चार्ज कार्ड घरी आलं की सगळे ते उलटं-सुलटं करून बघतात आणि शेवटी घरातल्या शिकलेल्या पोराच्या हातात देतात. त्या पोरासाठी हा भाग.

वरच्या कोपऱ्यात ‘जी3 पी1 एल1 ए1’ असं काहीतरी असेल. जी म्हणजे ‘ग्रॅव्हिडा’, किती वेळा दिवस गेले. पी म्हणजे ‘पॅरा’, किती बाळंतपणं झाली. जुळी झाली तरी बाळंतपण एकच धरतात. एल म्हणजे ‘लिव्हिंग’, हयात मुलं. ए म्हणजे ‘अबॉर्शन’. या शेवटच्या अक्षरावरून घरात वादळ उठू शकतं, म्हणून नीट समजून घ्या. वैद्यकीय इंग्रजीत आपोआप झालेल्या गर्भपातालाही ‘अबॉर्शन’च म्हणतात. सुनेने मुद्दाम काही केलं असा त्याचा अर्थ नाही.

‘ईडीडी’ ही प्रसूतीची अपेक्षित तारीख, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढतात. तारीख उलटली म्हणून घाबरू नका आणि गप्पही बसू नका, डॉक्टरांना विचारा. ‘एफटीएनडी’ म्हणजे दिवस पूर्ण भरून नैसर्गिक बाळंतपण, ‘एलएससीएस’ म्हणजे सिझेरियन. ‘प्रीटर्म’ म्हणजे 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आधी झालेलं. ‘बर्थ वेट’ जन्मावेळचं वजन. ते 2500 ग्रॅमच्या खाली असेल तर ‘लो बर्थ वेट’ लिहितात. ‘लाइव्ह बर्थ’ म्हणजे बाळ जिवंत जन्मलं, एवढंच. सरकारी दवाखान्यात दारावर ‘एसएनसीयू’ दिसलं तर तो नवजात बाळांचा खास कक्ष, त्यातला एन म्हणजे ‘न्यूबॉर्न’.

आपण सर्रास म्हणतो ‘तिची डिलिव्हरी झाली’. मराठीत ते आता आपलंच आहे, चालू द्या. इंग्रजीत ‘हर डिलिव्हरी हॅपन्ड’ म्हणू नका. ‘शी हॅड अ बेबी’ किंवा ‘शी गेव्ह बर्थ टू अ गर्ल’ म्हणा. ‘टू’ विसरू नका. ‘द डॉक्टर डिलिव्हर्ड द बेबी’ हेही बरोबर, डॉक्टरांनी बाळंतपण केलं.

वाक्प्रचार, जाता जाता

‘आय वॉजन्ट बॉर्न यस्टरडे’ म्हणजे मी काल जन्मलो नाही, मला कळतं सगळं. ‘बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून’ श्रीमंताघरी जन्मलेला. मुलाखतीत या दोन्हींना हात न लावलेला बरा, पहिला उद्धट वाटतो आणि दुसरा घासून गुळगुळीत झालाय. ‘बाय बर्थ’ मात्र कामाचा : ‘आय ॲम अ सोलापूरकर बाय बर्थ.’

‘बॉर्न अँड ब्रॉट अप’ हा भारतीय इंग्रजीचा लाडका जोड. ब्रिटिश ‘बॉर्न अँड ब्रेड’ म्हणतात, अमेरिकन ‘बॉर्न अँड रेझ्ड’. तिन्ही चालतात, फक्त ‘अँड’ गिळून ‘बॉर्न-ब्रॉटप’ असा एकच घोट करू नका. आणि जन्म एका गावी, वाढ दुसऱ्या गावी असेल तर तोडून सांगा : ‘आय वॉज बॉर्न इन बार्शी, बट आय ग्रू अप इन सोलापूर.’ ‘ग्रू अप’च्या आधी ‘वॉज’ नको. वाढायचं काम तुम्हीच केलंत.

उद्या मुलाखत असेल तर आज रात्री एवढं मोठ्याने म्हणा, स्वतःची नावं-तारखा घालून : ‘आय वॉज बॉर्न इन सोलापूर इन 2003. माय फादर वर्क्स इन अ टॉवेल फॅक्टरी अँड माय मदर रन्स अ स्मॉल टेलरिंग शॉप. आय वॉज ब्रॉट अप हिअर अँड डिड माय बी.कॉम. लास्ट इयर.’ पूर्ण तारीख घालू नका, ती तुमच्या अर्जावर आहे आणि समोरच्याने ती आधीच वाचलेली असते.